हातात कसब, घरात भाकर

सेनगाव किंवा औंढ्याकडच्या एखाद्या गावात संध्याकाळी पारावर बसा. एक बोलणे हमखास कानावर येते.

"रान दोन एकर, तेही कोरडवाहू. पोरं तिघं. पुढं कसं व्हायचं?"

सोयाबीन निघाले की हाताला काम नसते. मग पोरगा ऊसतोडीला जातो, नाही तर शहरात ओझी वाहतो. अंगात बळ असते, पण कसब नसते. म्हणून मजुरी कमी पडते.

कसब शिकायला आपल्या जिल्ह्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट आय.टी.आय.ची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. देशात ही योजना १९५० साली सुरू झाली. हिंगोलीला सरकारी आय.टी.आय. आहे. तेथे हातात हत्यार देऊन काम शिकवतात. वेल्डरचे शिक्षण एक वर्षाचे, वायरमनचे दोन वर्षांचे. बहुतेक कामांना दहावी पास लागते. काही कामांना दहावी नापास मुलालाही घेतात. दहावीचा निकाल लागला की अर्ज भरायचा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शेवटी परीक्षा होते. पास झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. पुढे कारखान्यात शिकाऊ म्हणूनही राहता येते. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते.

"पण दोन वर्षं पोरगं शिकत बसलं तर घरची मजुरी बुडते, त्याचं काय?"

हे खरे आहे. ज्या घराला थांबणे जमत नाही, त्याने दुसरी वाट पाहावी.

ही वाट आरसेटीची. पुरे नाव ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. कर्नाटकात उजिरे गावी १९८२ साली अशी पहिली संस्था निघाली. पुढे सरकारने तीच रीत देशभर नेली. हिंगोलीची संस्था स्टेट बँक चालवते. शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती अशी कामे अशा संस्थांत शिकवतात. शिक्षण थोड्या दिवसांचे, फार तर दीड महिन्याचे. फी नाही. राहणे, जेवणही फुकट. वय अठरा पुरे हवे. मुली आणि सुनांनाही येता येते.

शिकून झाल्यावर दोन वर्षे संस्था विचारपूस करते. बँकेच्या कर्जाचे कागद करायला मदत करते. मात्र कर्ज मिळेलच असे नाही, आणि मिळाले तर ते फेडायचे असते. म्हणून आधी गावात त्या कामाला गिऱ्हाईक आहे का, ते पाहावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. "इतके पैसे द्या, नंबर लावून देतो," असे कोणी म्हणाले तर एक पैसाही देऊ नका. स्वतः संस्थेत जा. फलक वाचा. समजले नाही तर विचारा. भरलेल्या पैशांची पावती घ्या.

आता तुम्हाला वाचता येते. पोराचा अर्ज आधी तुम्ही वाचा, मगच सही करा.