आईचा भरवसा

सह्याद्रीच्या घाटांत लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर, दोन्ही भेटतात. दोन्हींच्या माद्या पिल्लाला पोटाशी धरून हिंडतात, त्यामुळे ओझरतं पाहणाऱ्याला त्यांच्या संगोपनात काही फरक वाटत नाही. जरा थांबून बघितलं की तो ठळक दिसू लागतो. वानरीचं पिल्लू जन्मतः काळपट असतं आणि आई राखी रंगाची. जन्मल्या दिवसापासूनच टोळीतल्या इतर माद्या ते पिल्लू मागून घेतात. या मांडीवरून त्या मांडीवर ते फिरत राहतं आणि तेवढ्यात आई निवांत पाला खाऊन घेते. माकडीण मात्र पिल्लाला कुणी हात लावायला आलं, की बहुधा त्याला आवळून धरते, पाठ फिरवते, नाहीतर उठून निघून जाते.

माकडिणीची माया जास्त आणि वानरीची कमी, असा याचा अर्थ नाही. सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकी अभ्यासक १९७०च्या दशकात राजस्थानात अबूच्या डोंगरावर वानरांच्या टोळ्यांमागे हिंडली. तिला दिसलं, की एका टोळीतल्या वानरी बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या असतात आणि त्यांच्यातली मानाची उतरंड सैल असते. दिलेलं पिल्लू हवं तेव्हा परत घेता येतं. माकडिणींत ही उतरंड त्या मानाने कडक असते. वरच्या मानाच्या मादीने पिल्लू उचललं आणि सोडलंच नाही, तर खालच्या मानाची आई ते हिसकावून घेऊ शकत नाही, आणि दुधावाचून ते मरूही शकतं. तेव्हा माकडिणीने पिल्लाला जखडून ठेवणं हा तिच्या स्वभावाचा भाग जितका, तितकाच तिच्या परिस्थितीचा.

वानरींच्या विश्वासालाही मर्यादा आहे. टोळीवर नवा हुप्प्या ताबा मिळवतो, तेव्हा तो अंगावर पिणारी पिल्लं मारू शकतो. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ हे नोंदवलं आणि पुढे अबूला हर्डीनेही. एरवी पिल्लू सहज दुसरीकडे देणारी आई अशा दिवसांत त्याला जवळच ठेवू पाहते.

आई पिल्लाला घडवते हे खरंच आहे. पण आईला तिची परिस्थिती घडवते, आणि माकडांच्या अभ्यासातून ही दुसरी गोष्ट जितकी स्पष्ट झाली तितकी ती आपल्या बोलण्यात अजून उतरलेली नाही, असं मला वाटतं. पिल्लू भित्रं निघालं की बोट आईकडे जातं. तिला त्या काळात स्वस्थता होती का, हे कुणी विचारत नाही.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग हॅरी हार्लो यांचा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्याकडे ऱ्हीसस माकडं होती. त्या काळी अमेरिकी प्रयोगशाळांना ही माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात. ही निर्यात आपल्या सरकारने १९७८ मध्ये बंद केली. बाहेरून येणाऱ्या माकडांबरोबर रोगही येत, म्हणून हार्लोंनी पिल्लं आईपासून तोडून वेगळी वाढवायला घेतली. पिंजऱ्यात अंथरलेल्या कापडाला ती पिल्लं चिकटून बसतात आणि ते काढून घेतलं की आकांत करतात, हे तिथे लक्षात आलं. मग त्यांनी दोन खोट्या आया केल्या, एक उघड्या तारेची आणि एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईपाशी असली तरी पिल्लू पिण्यापुरतं तिकडे जाई आणि दिवसाचे बहुतेक तास कापडाच्या आईला बिलगून काढी. जो दूध देतो त्याचाच लळा लागतो, ही तेव्हाच्या मानसशास्त्रातली समजूत यामुळे कोसळली.

या प्रयोगाचा एवढा भाग पुष्कळांना ठाऊक असतो, पुढचा कमी जणांना. कापडाच्या आईपाशी वाढलेली पिल्लंही धड माकडं झाली नाहीत. त्यांना समवयस्कांशी खेळता येईना, माद्यांना स्वतःचं पिल्लू झालं तेव्हा त्याचं काय करायचं ते कळेना. काहींनी पहिलं पिल्लू ढकलून दिलं, काहींनी त्याला इजा केली. ज्यांनी पहिल्या पिल्लाला थोडंफार जवळ येऊ दिलं, त्यांच्यातल्या पुष्कळ जणी पुढच्या पिल्लाशी मात्र बऱ्या वागल्या. हे प्रयोग अतिशय क्रूर होते आणि ते वाचताना आजही चीड येते. मिळालेलं ज्ञान मोलाचं आहे म्हणून ती चीड कमी होऊ नये.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला लिओनार्ड रोझेनब्लम यांनी केलेला प्रयोग. त्यातली माकडं आपल्या घाटांतली, म्हणजे डोक्यावर केसांची टोपी असलेली. इथे पिल्लाला आईपासून तोडलं नव्हतं. बदलली ती फक्त आईची अन्न मिळवण्याची रीत. एका गटाला अन्न सहज मिळे. दुसऱ्या गटाला रोज शोधून, उकरून काढावं लागे. तिसऱ्या गटाचे दोन आठवडे सुखाचे, तर पुढचे दोन आठवडे कष्टाचे, असं चक्र चालू ठेवलं होतं. उपाशी कोणताच गट राहिला नाही.

सर्वांत जास्त हाल कष्टकरी आयांच्या पिल्लांचे झाले असतील, असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. ज्यांना रोज राबावं लागे, त्यांनी ती रीत अंगवळणी पाडली आणि पिल्लं बऱ्यापैकी वाढली. बिघडला तो तिसरा गट. त्या माद्यांत भांडणं वाढली, एकमेकींच्या अंगावरचे केस निवडत बसणं कमी झालं, पिल्लाच्या हाकेला आई वेळेवर ओ देईना. पिल्लं आईला सोडून दूर जायला धजत नव्हती, नवं काही दिसलं की घाबरत. ती मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूभोवतालच्या द्रवाची तपासणी झाली, तेव्हा शरीरातली तणावाची साखळी सुरू करणारं रसायन त्यांच्यात जास्त आढळलं. लहानपणचे ते काही महिने त्यांच्या शरीरात मुक्कामाला राहिले होते. कष्टाने जे केलं नाही ते अनिश्चिततेने केलं.

ही अस्वस्थता पिल्लापर्यंत पोहोचण्याची एक वाट दुधातूनही जाते. कॅलिफोर्नियात केटी हाइंड आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माद्यांच्या दुधातलं कॉर्टिसॉल मोजलं. हे तणावाशी निगडित संप्रेरक. पहिलटकरणींच्या आणि कमी अनुभवाच्या आयांच्या दुधात ते जास्त होतं. असं दूध प्यालेली पिल्लं वजनाने भरभर वाढली, पण बुजरी आणि कमी आत्मविश्वासाची निघाली. दुधाचं प्रमाण मर्यादित असेल तर हुंदडण्यात शक्ती न घालवता वाढीवर खर्च करा, असा निरोपच जणू त्यातून जातो, असा संशोधकांचा तर्क आहे.

पिंजऱ्याबाहेर काय घडतं, त्याची उत्तम नोंद केनियातल्या अंबोसेलीत आहे. तिथल्या बबून माकडांवर १९७१ पासून सलग नजर ठेवली जाते. जीन अल्टमन यांनी बबून आयांचा दिवस तपासला, तेव्हा त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग चालण्यात आणि पोट भरण्यात जातो असं दिसलं. पिल्लू सांभाळायचं ते हे करता करताच. २०१६ साली तिथल्या १९६ माद्यांचा आयुष्यभराचा हिशेब प्रसिद्ध झाला. दुष्काळात जन्म, लवकर गेलेली आई, आईचा खालचा मान, तिचं एकटेपण, कळपातली दाटी आणि फार लवकर आलेलं पाठचं भावंड, अशा सहा अडचणी मोजल्या होत्या. यातल्या तीन किंवा जास्त अडचणी बालपणी वाट्याला आलेल्या माद्या, एखादीच अडचण आलेल्या किंवा एकही न आलेल्या माद्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी मेल्या.  पुढच्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की लहानपणी आई गमावलेल्या मादीची पिल्लंही कमी जगतात, जरी त्यांनी त्या आजीला कधी पाहिलेलं नसलं तरी.

आई शिकवते ते कसं, हे चिंपांझींत पाहावं. टांझानियात गोंबेला ती काडीने वारुळातली वाळवी काढून खातात. आई शेजारी बसू देते, टाकलेली काडी घेऊ देते, बाकी शिकणं पिल्लाचं. मुली आईच्या हाताकडे टक लावून बसतात आणि मुलग्यांपेक्षा सरासरी दोन वर्षांहून जास्त आधी हे तंत्र शिकतात. मुलगे त्या वेळी खेळत असतात. काँगोतल्या गुआलुगोत वाळवी काढणं जास्त अवघड आहे. तिथे आई आपली तयार काडी पिल्लाला देते, कधी ती उभी चिरून अर्धी देते, आणि तेवढा वेळ स्वतःचं खाणं गमावते. हे सगळं सवडीचं काम आहे. चिंपांझी आईच्या दोन बाळंतपणांत साधारण पाच-सहा वर्षांचं अंतर असतं. ओरांगउटान मादीचं पिल्लू तर आठव्या वर्षापर्यंतही अंगावर पिताना आढळलं आहे.

लहानपणचं नुकसान भरून येतं का? आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात आई गेलेल्या चिंपांझी पिल्लांचं कॉर्टिसॉल सुरुवातीला खूप वाढलेलं दिसलं, पण दोनेक वर्षांनी ते इतरांच्या पातळीला आलं. त्यांची वाढ मात्र मागे राहिली होती. हार्लोंनीही पुढे स्टीफन सुओमी या सहकाऱ्याबरोबर हाच प्रश्न घेतला. सहा महिने एकट्याने कोंडून वाढवलेली माकडं कोपऱ्यात बसून स्वतःला कवटाळून झुलत असत. समवयस्कांत सोडलं की ती आणखी आक्रसत. मग त्यांच्या सोबतीला जेमतेम तीन महिन्यांच्या, नीट वाढलेल्या पिल्लू माद्या ठेवल्या. या वयाच्या पिल्लांना भांडण ठाऊक नसतं, बिलगणं ठाऊक असतं. त्या सरळ जाऊन त्यांना चिकटल्या. काही आठवड्यांत त्या माकडांनी उलट त्यांना धरायला सुरुवात केली. वर्षाची होईपर्यंत ती बरीचशी इतरांसारखी वागू आणि खेळू लागली होती.