एका विज्ञानकथा-मालिकेची जन्मकथा

भव्य इमारत पाहून आपण तिच्या उंचीचें कौतुक करतों. परंतु तिचा पाया घालतांना गवंड्यांस काय सोसावें लागलें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कथानाटकांचेंही तसेंच आहे. ‘डॉक्टर हू’ या इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिकेचें नांव तुमच्यांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. १९६३ सालीं सुरू झालेली ही मालिका १९८९ मध्यें थांबली व २००५ मध्यें पुन्हां उभी राहिली. अशा दीर्घायुषी मालिकेचा आरंभ किती डळमळीत होता, तें येथें सांगावयाचें आहे.

१९६२ सालीं लंडन येथील बी. बी. सी. संस्थेंत, विज्ञानकथांवर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम रचतां येतील काय, याविषयीं अहवाल तयार करण्यांत आले. पुढें सिडनी न्यूमन हे कॅनडादेशीय गृहस्थ तेथील नाट्यविभागाचे प्रमुख झाले. शनिवारीं दुपारचा खेळांचा कार्यक्रम आणि त्यानंतरचा तरुणांच्या आवडीच्या संगीताचा कार्यक्रम, यांच्या मधल्या वेळांत मुलांनीं व आईबापांनीं एकत्र बसून पाहावें असें कांहीं तरी त्यांस हवें होतें.

योजना मोठी मार्मिक होती. ज्याचें खरें नांवगांव कोणासही ठाऊक नाहीं असा एक वृद्ध ‘डॉक्टर’ आपल्या नातीसह काळाच्या व अवकाशाच्या प्रवासास निघतो. सोबत तिच्या शाळेंतील दोन शिक्षक असतात. एक विज्ञानाचे, दुसऱ्या इतिहासाच्या. भूतकाळांत गेल्यास इतिहास कळावा आणि भविष्यकाळांत किंवा परग्रहावर गेल्यास विज्ञान कळावें, हा त्यांतील हेतु. गुळांत घोळून औषध द्यावें, तशी ही युक्ति होती.

डॉक्टरांचें यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या पेटीसारखें दिसे. पोलिसांस दूरध्वनि करण्यासाठीं अशा पेट्या तेव्हां इंग्लंडांत रस्तोरस्तीं असत. वस्तुतः यानानें जेथें जावें तेथल्यासारखें रूप घ्यावें, अशी मूळ कल्पना. परंतु दर वेळीं नवें रूप बनविण्याइतका पैसा कोठला? म्हणून रूप बदलण्याची कळ बिघडली, असें कथेंतच सांगून टाकलें. टंचाईंतून निघालेली ही तोडच पुढें मालिकेची खूण होऊन बसली.

निर्मितीचें काम व्हेरिटी लॅम्बर्ट या अवघ्या २७ वर्षांच्या बाईंकडे सोंपविण्यांत आलें. त्या विभागांत त्या वेळीं दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे २४ वर्षांचे. ते लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. जन्म लखनौचा, बालपणाचा कांहीं काळ मुंबईंत गेलेला. एक तरुण स्त्री आणि एक तरुण हिंदी गृहस्थ! जुन्या वळणाच्या त्या संस्थेंत दोघांसही स्वतःची योग्यता सिद्ध करूनच दाखवावी लागणार होती.

संगीताची कथा तर आणखीच नवलाची आहे. रॉन ग्रेनर यांनीं स्वररचना लिहून दिली. गणित व संगीत शिकलेल्या डेलिया डर्बिशायर यांनीं विद्युत्-यंत्रांतून एकेक स्वर निर्माण केला, तो फितीवर मुद्रित केला आणि फितींचे तुकडे कापून व जोडून सबंध धून तयार केली. वाद्यवृंद असा नाहींच! यानाच्या घरघरीसाठीं ब्रायन हॉजसन यांनीं एका जुन्या पियानोच्या तारांवरून घराची किल्ली घासली.

२७ सप्टेंबर १९६३ रोजीं लाइम ग्रोव्ह येथील अडचणीच्या चित्रणगृहांत पहिला भाग मुद्रित झाला. त्यांत यानाचीं दारें नीट मिटेनात. डॉक्टरांचा स्वभावही फार तुसडा वाटला. न्यूमन यांनीं तो भाग पाहून नापसंत केला. मात्र त्यांनीं मंडळींना घरीं पाठविलें नाहीं. दोष दाखविले व तोच भाग पुन्हां करावयास सांगितलें. १८ ऑक्टोबरला तो नव्यानें मुद्रित झाला. वारंवार फेरले गेलेले प्रवेश अधिक रेखीव झाले आणि डॉक्टरांच्या कठोरपणांत थोडा मिस्किलपणा आला.

२३ नोव्हेंबरला प्रक्षेपण झालें. परंतु आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता. लोकांचें चित्त ठिकाणावर कोठून असणार? सुमारें ४४ लक्ष लोकांनीं तो भाग पाहिला. पुढच्या शनिवारीं दुसऱ्या भागापूर्वीं तो पुन्हां दाखविला. डिसेंबरांत टेरी नेशन यांच्या कथेंतून ‘डेलेक’ नामक यांत्रिक कवचांतील दुष्ट जीव पडद्यावर आले. असले राक्षस न्यूमन यांस मुळींच नको होते; परंतु लॅम्बर्टबाई आपल्या मतास चिकटून राहिल्या. ती कथा संपेपर्यंत प्रेक्षक एक कोटीच्या वर गेले, आणि मालिका तरली.

मोहरीच्या दाण्याचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दाणा लहान असणें हा दोष नव्हे. तो पेरावयाचाच सोडणें हा दोष. मुलांनो, तांबड्या शाईनें भरलेली वही परत हातीं आली म्हणजे ती शिक्षा मानूं नका. तें पुन्हां लिहिण्याचें आमंत्रण समजा. आणि पालकांस नम्र विनंति अशी कीं, पहिला प्रयत्न फसलेल्या मुलास “हें तुझ्यानें होणें नाहीं” असें सांगण्यापूर्वीं त्यास एक दुसरा दिवस द्यावा. वरील मंडळींस तो मिळाला नसता, तर ही कथा सांगावयास उरलीच नसती.