आधी आवराआवर, मग वीज बंद

उलव्यातल्या एखाद्या सोसायटीत टाकीची पातळी बघायला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला, की प्रश्न येतोच: तो बंद कसा करायचा? थेट प्लग उपटला तर मेमरी कार्डावरचं लिखाण अर्धवट राहून कार्ड बिघडू शकतं. नुसतं शटडाऊन केलं तर लिनक्स थांबतो, पण बोर्डाला वीज मिळतच राहते.

तोड म्हणजे कॉन्फिग फाइलीत ‘जीपीआयओ-पॉवरऑफ’ची एक ओळ. सगळं आवरून झालं की लिनक्सचा कर्नल अगदी शेवटी जीपीआयओ २६ ही पिन ‘हाय’ करतो, तिच्यावर ३.३ व्होल्ट येतात आणि तो इशारा घेऊन बाहेरचं सर्किट पुरवठा तोडतं. पिन स्वतः काहीच तोडत नाही. सर्किट न जोडता नुसती ओळ लिहून काय उपयोग? आणि बोर्डावरच्या पिनांच्या पट्टीवर मोजाल तर ही पिन ३७वी आहे, २६वी नव्हे.

बटण दाबून शटडाऊन सुरू करणारी ‘जीपीआयओ-शटडाऊन’ ही सोय निराळी. ती एरवी जीपीआयओ ३ वापरते.