आधी कानांनी, मग डोळ्यांनी

"आमचं मूल पुस्तकाला हातच लावत नाही," ही तक्रार बारामती-इंदापूरकडे साधारण चौथी-पाचवीच्या पालकांकडून ऐकू येते. घोडं मात्र बरंच आधी अडलेलं असतं.

सुरुवात प्रकट वाचनाने करावी, म्हणजे आपण मोठ्याने वाचून दाखवावं. मूल दीड-दोन वर्षांचं झालं की झोपताना दहा मिनिटं पुरतात. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचावं. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

मग शब्दांचे खेळ. बारामतीकरांकडे यातला उस्तादच होऊन गेला. कवी मोरोपंतांनी (1729–1794) 'निरोष्ठ रामायण' रचलं. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येणारं. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरं नाहीत. याच अटीवर मुलाला एक वाक्य बोलायला लावावं. 'आजी' चालेल, 'बाबा' नाही. 'इंदापूर' म्हणताना ओठ एकदा मिटतात, 'बारामती'त दोनदा!

पहिली-दुसरीत जोडाक्षरं येतात आणि घात होतो तो इथे. "आता तुझं तुला वाचता येतं ना?" म्हणत आपण वाचून दाखवणं बंद करतो. ऐकून मुलाला लांबलचक साहसकथा कळत असते. स्वतः वाचताना ते 'घर', 'मगर' यांच्याशीच झगडत असतं. म्हणून एक पान आपण वाचावं, एक ओळ त्याला द्यावी. अडलं तर शब्द सांगून टाकावा. दर जोडाक्षर फोडत बसलं की गोष्टीचा धागा तुटतो. आणि गोष्ट संपताच "तात्पर्य काय?" हे तर विचारूच नये. तिथे गोष्टीचा धडा होतो.

पुढे निवड त्याच्यावर सोडावी. वाचनालयात मुलाला कपाटापुढे एकटं उभं राहू द्यावं. त्याने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उचलला तर छानच. नुसते विनोद उचलले तरी चालतील. अर्धवट सोडलेलं पुस्तक परत करण्याचीही मुभा हवी. पैशांची अडचण असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

माहितीच्या पुस्तकांसाठी आधी घराबाहेर पडावं. हिवाळ्यात भिगवणला उजनी धरणाच्या जलाशयात रोहित पक्षी दाखवावेत आणि पक्ष्यांचं पुस्तक घरी परतल्यावर हातात द्यावं, आदल्या दिवशी नाही. तोवर मुलाकडे स्वतःचे प्रश्न तयार झालेले असतात.