कोबाल्टचे आयुष्य आणि नोंदवहीचे आयुष्य

कलाशाखेच्या वार्षिकांकात किरणोत्सर्गाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु दिल्ली विद्यापीठाच्या बाबतीत २०१० साली जे घडले ते विज्ञान कमी पडल्यामुळे नव्हे, तर विस्मरणामुळे. आणि विस्मरण काही एकट्या विज्ञानशाखेची मिरास नाही.

त्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे १९६८ पासून कॅनडाहून आणलेले ‘गॅमा सेल’ नावाचे यंत्र होते. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६० च्या कांड्या आणि त्यांच्या किरणांत ठेवलेल्या पदार्थांवर प्रयोग, असे त्याचे स्वरूप. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. कांड्या उघड्या पडल्या, माणसे आजारी पडली आणि एप्रिलमध्ये एक कामगार दगावला.

किरणोत्सर्गी द्रव्य जितक्या काळात निम्मे होते तो त्याचा अर्धायुष्यकाल. कोबाल्ट-६० चा हा काळ सुमारे ५.२७ वर्षे. म्हणजे १९८५ साली जेवढे कोबाल्ट होते, त्याचा सत्ताविसावा हिस्साच २०१० मध्ये उरला होता. तेवढाही एका माणसाचा जीव घेण्यास पुरला! कोबाल्ट विझण्यापूर्वीच त्याची आठवण विझली होती.

यावर उपाय कोणता? पहिला, एकत्रीकरण. विभागाविभागांतून, कपाटाकपाटांतून विखुरलेले स्रोत एका सुरक्षित कोठारात आणावयाचे. त्यांची नोंदवही एक आणि जबाबदार अधिकारीही एक. प्राध्यापक निवृत्त झाले तरी त्यांच्याबरोबर माहिती निवृत्त होऊ नये, हा त्यातील हेतू.

दुसरा, रीतसर समाप्ती. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य अवघे १४ दिवसांचे. ते काही महिने बंदोबस्तात ठेवले की जवळजवळ संपते. कार्बन-१४ चे मात्र ५,७३० वर्षांचे. तेथे वाट पाहणे व्यर्थ. कोबाल्टसारखे सीलबंद स्रोत पुरवठादाराकडे किंवा मान्यताप्राप्त केंद्राकडे सोपवावे लागतात. मग मापकयंत्राने खोली तपासावयाची, टेबले व फरशी पुसून तो बोळा तपासावयाचा, आणि सारे निर्धोक ठरल्यावरच दारावरचे धोक्याचे चिन्ह उतरवावयाचे. आपल्या देशात यावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली मुंबईत स्थापन झाले. ते यंत्र त्याहून पंधरा वर्षांनी जुने होते. अशा जुन्या वस्तूंचाच शोध आधी घ्यावयास हवा.

नवी प्रयोगशाळा उघडताना फीत कापली जाते, भाषणे होतात. जुनी बंद करताना ना समारंभ, ना छायाचित्र. हे काम कंटाळवाणे खरे. पण ते न केल्याची किंमत ज्याने मोजली, त्याने त्या विद्यापीठाची पायरीही कदाचित चढली नसेल. विद्येच्या मंदिराने जे आणले, त्याचा शेवटचा हिशेबही त्यानेच द्यावयास नको का?