उभयप्रतिरोधी विद्राव

ज्या विद्रावात थोडे अम्ल किंवा क्षारक मिसळले असता त्याचे पीएच मूल्य फारसे बदलत नाही, त्यास उभयप्रतिरोधी अथवा बफर विद्राव म्हणतात. हायड्रोजन आयनांची संहती दर्शविणारे पीएच मूल्य हे माप एस. पी. एल. सरेन्सेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुचविले. त्यात एका अंकाची घट म्हणजे या संहतीत दसपट वाढ होय.

दुर्बल अम्ल व त्याचे लवण यांच्या मिश्रणात हा गुणधर्म आढळतो, उदा., ॲसिटिक अम्ल व सोडियम ॲसिटेट. बाहेरून आलेले हायड्रोजन आयन ॲसिटेट आयनांशी संयोग पावतात, तर हायड्रॉक्सिल आयन ॲसिटिक अम्लाशी विक्रिया पावून पाणी बनते. १ लि. शुद्ध पाण्यात ०·०१ मोल हायड्रोक्लोरिक अम्ल मिसळल्यास पीएच मूल्य ७ वरून २ वर येते. परंतु वरील घटक प्रत्येकी ०·१ मोल असलेल्या १ लि. विद्रावात ते ४·७६ वरून केवळ ४·६७ होते.

ही क्षमता मर्यादित असते, हे अनुमापनात स्पष्ट दिसते. ॲसिटिक अम्लात ब्यूरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडीत गेल्यास निम्मे अम्ल उदासीन होण्याच्या सुमारास पीएच मूल्य सावकाश वाढते. अम्ल संपत आले की ते एकदम चढते आणि एखाद्या थेंबानेच फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक गुलाबी होतो.

मानवी रोहिणीतील रक्ताचे पीएच मूल्य प्राकृतावस्थेत ७·३५ ते ७·४५ असते. ते टिकविणाऱ्या प्रणालींपैकी बायकार्बोनेट प्रणाली महत्त्वाची असून तीत बायकार्बोनेट व विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांचे प्रमाण सु. २०:१ असते. हा वायू फुप्फुसांवाटे बाहेर टाकला जातो व खर्ची पडलेले बायकार्बोनेट वृक्के (मूत्रपिंडे) भरून काढतात. त्यामुळे बंद पात्रातील विद्रावापेक्षा ही प्रणाली अधिक कार्यक्षम ठरते. मधुमेहात इन्शुलिनाच्या तीव्र अभावी रक्तात कीटोन अम्ले साचतात व बायकार्बोनेट घटत जाते. श्वसन खोल व जलद होते, ते अधिक कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकून हे प्रमाण सावरण्यासाठीच. हा उपायही अपुरा पडल्यास अम्लरक्तता बळावते व वेळीच उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो.