काच तोलणारे अठरा बिंदू

काच कडक असते, असं आपण धरून चालतो. दुर्बिणीच्या आरशाजवळ आलं की ही समजूत गळून पडते. ४० सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम ४ सेंटिमीटर जाडीची काच तीन टेकूंवर आडवी ठेवा. टेकूंच्या मधे ती स्वतःच्याच वजनाने झुकते. डोळ्यांना हा झोळ कधीच दिसणार नाही, पण प्रकाशाला दिसतो. आरशाच्या पृष्ठभागावर जेमतेम ७० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी चूक चालते. त्यापुढे तारा विस्कटू लागतो.

जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर झोळ सोळापट! म्हणून जुने कारागीर व्यासाच्या एक षष्ठांश जाडी ठेवत. पण जाड काच महाग, जड, आणि रात्री निवायलाही फार वेळ घेणारी. जॉन डॉब्सन यांनी हा दंडक झुगारला. रामकृष्ण संघाच्या कॅलिफोर्नियातल्या मठात वर्षानुवर्षं राहिलेले हे साधू १९६७ साली बाहेर पडले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र, शनी दाखवू लागले. जहाजांच्या खिडक्यांच्या काचा घासून ते आरसे घडवत.

मग पातळ काच पेलायची कशी? उत्तर फार देखणं आहे. तीन बोल्टांवर तीन दांड्या, प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक त्रिकोणी पत्रा, आणि पत्र्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर टेकलेली काच. झाले अठरा बिंदू: सहा आतल्या वर्तुळावर, बारा बाहेरच्या, कारण बाहेरच्या भागात काच जास्त. दांड्या आणि त्रिकोण आपापल्या मध्यावर मोकळे डुलतात. तराजूची दांडी दोन्ही पारडी समान झाल्यावरच स्थिरावते, तसंच इथेही. प्रत्येक बिंदू बरोबर अठरावा हिस्सा उचलतो, कुणीही काही न जुळवता. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली उभारलेल्या दुर्बिणीचा सुमारे तीन टनांचा धातूचा आरसाही थॉमस ग्रब यांच्या अशाच तरफांवर विसावला होता.

खरी परीक्षा दुर्बीण क्षितिजाकडे कलते तेव्हा. आता भार पाठीवरून कडेवर येतो. कडेखालचा पट्टा काचेच्या गुरुत्वमध्याच्या पातळीतच हवा. जरा पुढेमागे सरकला की आरसा पिळवटतो, तारा रेघेसारखा लांबतो आणि फोकस आत-बाहेर केला की ती रेघ काटकोनात वळते. अशा वेळी आरसा त्याच्या चौकटीत थोडा फिरवून पाहावा. रेघ सोबत फिरली, तर खोट काचेत आहे. जागीच राहिली, तर आधारात.